कुतूहल आतून येतं की बाहेरून? (आणि माझं कुठे गेलं?)

सरळरेषा
गेल्या रविवारी दात घासता घासता माझ्या सात वर्षांच्या मुलाने विचारलं, "बाबा, आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वर-खाली का नाही होत?" मी म्हटलं, "आरसा तसाच असतो रे, चूळ भर." तो चूळ भरून पळाला. मी तिथेच उभा.

उत्तर आलं नाही याचं दुःख नाही. बेचाळीस वर्षांत बरंच काही आलेलं नाही. खटकलं ते वेगळंच. ते उत्तर आपल्याला कळावं, असंसुद्धा मला वाटलं नाही. मी म्हणजे तोच, ज्याने पाचवीत असताना गजराचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं होतं. दोन स्क्रू उरले होते आणि घड्याळ तरीही चालत होतं. ते कसं, या विचारात पुढचा महिना गेला होता.

बरं, 'पुढे काय' ही हाव मेली म्हणावं तर तसंही नाही. रात्री फोनवर बोट फिरवत एक-दीड तास सहज जातो. काय पाहिलं ते सकाळी आठवत नाही.

तर जाणकारांना प्रश्न: कुतूहल ही आतली, उपजत गोष्ट आहे, की बाहेरून कुणी चाळवल्याशिवाय ते जागंच होत नाही? आणि गेलेलं परत येतं का?

(आरशाचं उत्तर माहीत असेल तर तेही सांगून टाका, म्हणजे सुटलो.)

शंकासुर
आरशाचं उत्तर कुणीही द्यायचं नाही. संपादक मंडळाने लक्ष ठेवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडलीत की धागा दुसरं पान बघणार नाही.

वाचनमात्र
सहा वर्षं नुसती वाचतेय. आज पहिल्यांदा लॉगिन केलं, ते फक्त विचारायला: खरंच, वर-खाली का होत नाही??

शंकासुर
@वाचनमात्र, धन्यवाद. सरळरेषा, तुमचा प्रश्न सुटला. कुतूहल बाहेरून येतं आणि ते मी पुरवतो.

गाठसोडवी
शंकासुर थट्टा करताहेत, पण बोट बरोबर जागी ठेवलंय. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ साली नेमकं हेच मांडलं. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक हवंसं वाटतं, त्यांच्या मधली फट दिसली की कुतूहल जागं होतं. त्याला खाजेसारखं समजा, खाजवल्याशिवाय चैन पडत नाही. गंमत अशी की ज्या विषयातलं काहीच माहीत नाही, त्याचं कुतूहलही वाटत नाही. फट दिसायला दोन काठ लागतात. म्हणजे एक काठ आतला, एक बाहेरचा.

तुमच्या मुलाला डावं-उजवं नुकतं पक्कं झालं असणार. त्याच्याकडे ताजा काठ आहे, म्हणून त्याला फट दिसली. तुमच्यासाठी आरसा ही निकाली निघालेली फाइल आहे.

फोनचं म्हणाल, तर डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकातच दोन जाती वेगळ्या केल्या होत्या. एक विशिष्ट कुतूहल: मला हेच कळायला हवं. दुसरं भटकं कुतूहल: कंटाळा आलाय, काहीतरी नवं दिसू दे, काहीही चालेल. तुमचं दुसरं ठणठणीत आहे. पहिलं बसलंय.

निवांत_निरीक्षक
फट वगैरे ठीक आहे, पण हे फार पुस्तकी होतंय. मुळात कुतूहल ही भूक-तहानेसारखीच भूक आहे आणि ती आपल्याआधीपासून आहे. १९५० साली हॅरी हार्लोने माकडांना खिट्ट्या-कड्यांची यांत्रिक कोडी दिली. खाऊ नाही, शाबासकी नाही. माकडं बसून ती सोडवत राहिली. काय मिळालं? कोडं सुटलं, बस्स.

त्याहून मजेशीर रॉबर्ट बटलरचं. १९५३ सालचं. माकड बंद पेटीत, दोन रंगांच्या छोट्या दारांपैकी बरोबर रंगाचं ढकललं तर ते उघडणार आणि थोडा वेळ बाहेर बघायला मिळणार. बाहेर काय? तर प्रयोगशाळेतली वर्दळ. तेवढ्यासाठी माकडं रंग ओळखायला शिकली आणि पुन्हा पुन्हा ढकलत राहिली. त्यांच्याकडे कुठले काठ आणि कुठली फट?

शंकासुर
दार किलकिलं करून बाहेर बघण्यासाठी तासन् तास कष्ट? आमच्या जिन्यात असे तीन नमुने आहेत. प्रयोग अजून चालू आहे.

गाठसोडवी
@निवांत, काठ असतात हो, अगदी अकरा महिन्यांच्या बाळाकडेसुद्धा. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा २०१५ चा प्रयोग आहे. बाळांना दाखवलं की चेंडू भिंतीतून आरपार गेला (अर्थात हातचलाखी) किंवा खेळण्यातली गाडी आधार नसताना हवेत तरंगली. मग ती वस्तू हातात दिली. आरपार गेलेली वस्तू बाळांनी आपटून पाहिली आणि तरंगलेली खाली टाकून पाहिली! बोलता येत नाही, चालता येत नाही, पण 'असं व्हायला नको होतं' हे कळतं, आणि नेमकं तेच तपासलं जातं. आतली अपेक्षा आणि बाहेरचा धक्का. यातलं एक काढलंत तर दुसरं निकामी.

वाचनमात्र
म्हणजे माझी भाची वाटी पन्नास वेळा खाली टाकते ते संशोधन. तिच्या आईला कळवते.

मधली_सुट्टी
सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त. आमच्या व्यवसायात कुतूहलाच्या मरणाचं एक वाक्य ठरलेलं आहे: "सर, हे परीक्षेला आहे का?" पाचवीत क्वचित ऐकू यायचं. नववीत रोज. आणि खरं सांगतो, ते वाक्य मुलांच्या तोंडी आम्हीच घातलं. एकदा फळ्यावर ग्रहणाची आकृती काढत होतो, मुलं रंगली होती. तास संपत आला म्हणून मीच म्हणून गेलो, "एवढं खोलात नको, चार गुणांचं आहे." वर्गातली हवा गेली, ती मी डोळ्यांनी पाहिली.

मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर हेच तपासलं होतं. रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेनं ठेवून दिली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं त्या पेनांशी इतरांच्या साधारण निम्माच वेळ रमली. आवडीचं काम झालं आणि कामाचा मोबदला थांबला. मग कशाला करतील?

सरळरेषा, तुमचं घड्याळ उघडणं कुणी गुणांत मोजलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

रोखठोक_हिशेब
ही गोष्ट सगळे ऐकवतात आणि मग तात्पर्य काढतात, बक्षीस वाईट, परीक्षा वाईट, मुलांना रानात सोडा. जरा थांबा.

पहिलं म्हणजे त्याच प्रयोगात अवचित बक्षीस मिळालेल्या मुलांचं काहीही बिघडलं नव्हतं. हे तुमच्याच प्रतिसादात आहे पण तुम्ही त्यावरून घाईने पुढे गेलात. दुसरं, १९९४ साली कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी सगळे प्रयोग एकत्र तपासून म्हटलं की बक्षिसाने एकूणात फारसं नुकसान होत नाही. त्यावर डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ साली १२८ प्रयोग चाळून उलट निष्कर्ष काढला. त्यांच्यातही तोंडी कौतुकाने गोडी वाढते असंच निघालं, फक्त आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसं घातक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं आवड आधीपासून असलेल्या कामांबद्दल आहे. ज्याची आवडच नाही, तिथे बक्षिसाने काय मरणार?

माझं उदाहरण घ्या. संख्याशास्त्र मी निव्वळ पोटासाठी शिकलो, शिव्या घालत. तिसऱ्या वर्षी कधीतरी एका तक्त्यात एक आकडा विचित्र दिसला आणि रात्रभर झोप लागली नाही. पगाराने मला दारापर्यंत आणलं. आत मी आपापला गेलो.

मधली_सुट्टी
@रोखठोक, अवचित बक्षिसाचं मान्य. पण तुमचा तो विचित्र आकडा कुणी "चार गुणांचा" म्हणून दाखवला नव्हता, एवढं लक्षात घ्या.

रोखठोक_हिशेब
घेतलं.

शंकासुर
या धाग्यावर कुणीतरी कुणाचंतरी मान्य केलं. तारीख नोंदवून ठेवा.

भाषा_बिषा
विज्ञानवाले दमले असतील तर जरा शब्दांकडे बघू. 'जिज्ञासा' हे संस्कृतातलं इच्छादर्शक रूप आहे: ज्ञा म्हणजे जाणणे, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. अगदी तसंच पा म्हणजे पिणे आणि पिपासा म्हणजे तहान. म्हणजे जिज्ञासा ही शब्दाच्या घडणीतच तहानेची बहीण आहे. निवांत यांचा पक्ष.

पण मराठीत आपण बोलतो कसं ते पाहा. जिज्ञासा 'असते'. कुतूहल 'वाटतं' किंवा 'चाळवतं', म्हणजे काहीतरी येऊन ते करून जातं. चौकशी 'करतात'. चोंबडेपणाही 'करतात', त्याची जबाबदारी पूर्ण माणसाची. आणि प्रश्न? प्रश्न 'पडतो'. मी प्रश्न केला असं आपण दुसऱ्याला विचारताना म्हणतो. स्वतःच्या मनातला प्रश्न मात्र पावसासारखा अंगावर पडतो, कर्ता कुणीच नाही. सरळरेषांच्या न्हाणीघरात तो पडला, पण भिजला मुलगा. बाबा छत्रीत.

बक्षिसाच्या वादाबद्दल एक. कठोपनिषदातला नचिकेता यमाला विचारतो, मेल्यावर माणूस उरतो की नाही? यम म्हणतो, हे सोड, त्याऐवजी शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं घे, हत्ती-घोडे घे, सोनं घे, हवं तेवढं आयुष्य घे. पोरगं हटत नाही. बाहेरचं आमिष आतल्या प्रश्नाला विझवतं का, याची ही लेपरच्या कितीतरी आधीची चाचणी. नमुना एकाच मुलाचा होता, एवढाच दोष.

रोखठोक_हिशेब
आणि तुलनेसाठी दुसरा गटही नाही. पण हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

वाचनमात्र
छत्री! 😄 वाचनखूण साठवली.

खिडकीपाशी
लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. धाग्यात 'गेलेलं परत येतं का' असा प्रश्न आहे, त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी मला मोठं नैराश्य आलं होतं. रडणं वगैरे लोकांना दिसतं. जे दिसत नाही ते असं की कशाचंही काहीही वाटत नाही. फोन वाजला तर कोणाचा असेल हेसुद्धा नाही. पुस्तक अर्ध्यात राहिलं, शेवट कळावा असं वाटलं नाही. बाहेरच्या गोष्टी सगळ्या होत्या तिथेच होत्या. माणसं नवी नवी मासिकं आणून ठेवत, गप्पा मारत. त्यामुळे 'बाहेरून चाळवलं की जागं होतं' हे मला पटत नाही. वात ओली असेल तर कितीही काड्या ओढा.

उपचार चालू होऊन काही आठवडे झाले होते. एका दुपारी पडल्या पडल्या वरच्या मजल्यावरून काहीतरी घरंगळत गेल्याचा आवाज आला. गोटी की काय? मग पुन्हा. आणि मी चक्क कान देऊन ऐकत होते. वरती तर कुणी लहान मूल नाही, मग गोट्या कोण खेळतंय? दहा मिनिटांनी लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत मला पडलेला हा पहिला प्रश्न. तो किती फालतू होता, अगदी चोंबडाच. पण डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं.

गाठसोडवी
@खिडकीपाशी, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या 'दोन काठां'मध्ये ही गोष्ट राहूनच गेली होती. फट दिसली तरी तिकडे जायला त्राण लागतं, आणि निर्धास्तपणा. मेरी एन्सवर्थने तान्ह्या मुलांच्या निरीक्षणातून दाखवलं की आई जवळ असेल तर मूल खोलीभर रांगत वस्तू हाताळतं, ती बाहेर गेली की खेळणी तीच, खोली तीच, पण शोध आटतो. भीती आणि कुतूहल सहसा एका वेळी नांदत नाहीत.

निवांत_निरीक्षक
@खिडकीपाशी, निःशब्द. आणि गोट्या कोण खेळत होतं?

खिडकीपाशी
अजून कळलेलं नाही. मुद्दामच विचारत नाही.

मधली_सुट्टी
बाहेरच्या बाजूने एक उदाहरण. मायकेल फॅरेडे. चौदाव्या वर्षापासून पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा, त्यात विश्वकोशातला विजेवरचा लेख वाचून झपाटला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. याने टिपणं काढून, स्वतः बांधून डेव्हीला पाठवली आणि पुढच्या वर्षी त्याच्या प्रयोगशाळेत लागला. लेख मिळाला नसता, तिकिटं मिळाली नसती, तर?

निवांत_निरीक्षक
तीच पुस्तकं इतर उमेदवारांच्याही हातून गेली असतील. त्यांनी बांधली आणि दिली.

मधली_सुट्टी
आणि ज्यांनी वाचली पण तिकीट मिळालं नाही, त्यांची नावं तुम्हाला किंवा मला माहीत असायचं कारण नाही. वर्गात अशी किती बसून गेली, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

रोखठोक_हिशेब
रामानुजनचं घ्या. सोळा वर्षांचा असताना कार नावाच्या गणितज्ञाचा ग्रंथ हाती आला. हजारो सूत्रांची जंत्री, सिद्धता जवळपास नाहीतच. चांगलं पाठ्यपुस्तक म्हणता येणार नाही. पण प्रत्येक सूत्राखाली रिकामी जागा, आणि याने त्या भरत भरत पुढे कुठल्या कुठे मजल मारली. सगळं समजावून सांगणारं पुस्तक मिळालं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

गाठसोडवी
वा, याला जुळणारा प्रयोग आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा. एकाच खेळण्यात चार करामती दडवलेल्या. काही मुलांना शिक्षकी थाटात सांगितलं, "हे असं चालतं बघ," आणि एक करामत दाखवली. काहींसमोर तीच करामत जणू चुकून घडली. मग खेळणं हातात दिलं. ज्यांना 'शिकवलं' होतं ती मुलं तेवढंच करत बसली, बाकीच्या करामती त्यांनी कमी शोधल्या. मोठ्या माणसाने दाखवलं म्हणजे एवढंच असणार, हा मुलांचा तर्क तसा चुकीचाही नाही.

शंकासुर
म्हणजे "आरसा तसाच असतो रे" हे थोर अध्यापन होतं.

रोखठोक_हिशेब
नाही हं. उत्तर न देणं हा आळशी बापांचा बचाव होऊ देऊ नका. उत्तर न देणं आणि प्रश्न उडवून लावणं यांत फरक आहे. "मलाही माहीत नाही, बघू या" एवढं म्हणायला काय लागतं?

सरळरेषा
चार दिवस सगळं वाचत होतो. मार बरोबर जागी बसलाय, @रोखठोक.

काल संध्याकाळी मुलाला म्हटलं, चल, तुझा तो आरशाचा प्रश्न बघू. तो म्हणाला, "कुठला प्रश्न?" विसरला होता. दोन मिनिटं उभा राहिला, आरशात तोंडं वेडीवाकडी केली आणि गेला खेळायला. मी मात्र तिथे पाऊण तास होतो.

शंकासुरांची माफी मागून मूठ उघडतो. मी आरशासमोर उजवीकडे बोट दाखवलं. प्रतिमेचं बोटही त्याच भिंतीकडे. वर दाखवलं, तेही वर. मग सरळ आरशाकडे दाखवलं, तर तिचं बोट माझ्याकडे! म्हणजे आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही, वर-खालीही नाही. तो फक्त पुढचं मागे करतो. डावं-उजवं उलटं झालं असं आपल्याला वाटतं, कारण आपण मनातल्या मनात स्वतःला गर्रकन वळवून त्या माणसाच्या जागी उभं करतो. खात्री करायला पारदर्शक प्लॅस्टिकवर मुलाचं नाव लिहून धरलं. मला सरळ दिसत होतं, आरशातही सरळ. कागदावर लिहिलं की उलटं दिसतं, कारण आरशाला दाखवायला कागद आपणच बाजूने फिरवतो. तोच कागद वरून खाली फिरवून दाखवला, तर डावं-उजवं जागच्या जागी आणि अक्षरं डोक्यावर उभी!

परत आलं का म्हणाल, तर ठामपणे सांगू शकत नाही. काल रात्री पुन्हा फोनवर तासभर गेलाच. पण मध्येच उठून पँटची चेन नेमकी कशी बंद होते ते बघत बसलो होतो. आयुष्यभर वापरली, सांगायला गेलो तर दोन वाक्यांपुढे जाता येईना.

गाठसोडवी
रोझेनब्लिट आणि काइल, २००२! त्यांनी लोकांना चेन, कुलूप, शौचालयाची टाकी कशी चालते ते किती समजतं याचे गुण स्वतःला द्यायला लावले, मग पायरी-पायरीने लिहायला सांगितलं. लिहिल्यावर त्याच लोकांनी स्वतःचे गुण खाली आणले. तुमची 'निकाली निघालेली फाइल' म्हणजे बहुतेक कोरे कागदच असतात. उघडून बघितलं की झालं.

वाचनमात्र
प्लॅस्टिकवर लिहून बघितलं. खरंच सरळ दिसतं! सहा वर्षांचं सार्थक झालं.

शंकासुर
मूठ उघडलीत, आता भोगा. आरशासमोर जमिनीवर आडवं पडा, कुशीवर. आता तुमचं डावं-उजवं म्हणजे खोलीचं वर-खाली. काय उलटं दिसतं ते सांगा.

सरळरेषा
आत्ताच पडून पाहिलं. शर्टवरची अक्षरं तशीच उलटी दिसतात, पंखा मात्र छतालाच. म्हणजे डावं-उजवं हे मी माझ्या अंगावर मोजतोय आणि वर-खाली खोलीवर. म्हणून तर मुलाच्या प्रश्नात... थांबा, पुन्हा बघतो.

बायको दारात येऊन उभी आहे. तिला कुतूहल वाटतंय की काळजी, हे गाठसोडवींनी सांगावं.